सहाशे अडतीस पुंगळ्या

माझी मुलगी नेमबाजी करते. पंचवीस मीटर, बावीस बोरचं पिस्तूल. पुण्यातल्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते आधी ‘अरे वा’ म्हणतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, ‘तिकडे आखातात चालतं?’ चालतं. रास अल खैमाच्या रस्त्यावर, आमच्या घरापासून गाडीने पन्नास मिनिटांवर एक क्लब आहे. पिस्तूल त्यांचं, गोळ्या त्यांच्या, दोन्ही त्यांच्या तिजोरीत. मुलीने आत जायचं, वहीत सही करायची, पन्नास गोळ्या घ्यायच्या, झाडायच्या आणि रिकाम्या हाताने बाहेर यायचं. यातला शेवटचा भाग मी मनावर घेतला नाही.

एका गोळीला दोन दिरहम. म्हणजे सत्तेचाळीस रुपये. आठवड्यातून दोनदा सराव, दर वेळी पन्नास गोळ्या. महिन्याला साडेआठशे दिरहमच्या वर, म्हणजे वीस हजार रुपयांचा धूर. मी हिशेब नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, “भरतनाट्यमला घातलं असतं तर घुंगरू तरी घरी राहिले असते.”

मी जबल अलीत एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक माल, या तिघांचं जुळवून देणं हे माझं काम. घरीही माझ्या याद्या चालतात. फ्रिजवर एक, पर्समध्ये एक, फोनमध्ये तीन. श्रीखंडाचा रिकामा डबा मी टाकत नाही, तुपाची बरणी टाकत नाही, भेटवस्तूचा कागद इस्त्री करून ठेवते. मुलगी याला ‘मम्माज् म्युझियम’ म्हणते.

माझे धाकटे दीर अमेरिकेत टेक्सासला असतात. तेही हौशी नेमबाज. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मी गोळ्यांच्या भावाबद्दल कुरकुरले, तर ते हसायलाच लागले.

“वहिनी, विकत कोण घेतं? मी गॅरेजमध्ये स्वतः भरतो. गोळी सुटली की पितळी पुंगळी उरते ना, तीच तर महाग असते. ती जपायची. पाच-सहा वेळा परत भरता येते. निम्म्याहून कमी खर्च.”

“म्हणजे श्रीखंडाच्या डब्यासारखं,” मी म्हणाले.

“अगदी! तुम्हाला पहिल्या फटक्यात कळलं. माझ्या बायकोला दहा वर्षांत कळलं नाही.”

नवरा मागून म्हणाला, “झालं. आता घरात दारूगोळ्याचा कारखाना.”

कारखाना काढायचा माझा विचार नव्हता. एवढी अक्कल मला होती. माझा बेत असा होता: हजार पुंगळ्या साठवायच्या, मग क्लबच्या माणसांना भेटायचं आणि म्हणायचं, बघा, तुम्ही हे झाडून बादलीत टाकता, हे तुम्हीच परत भरून घ्या आणि मुलांना निम्म्या भावात द्या. गोदामात मी शिकले ते हे की आधी माल दाखवायचा, मग बोलायचं. हातात काही नसताना कुणी ऐकून घेत नाही.

मुलीला सांगितलं, दर वेळी दहा पुंगळ्या घेऊन ये.

“मम्मा, आय डोन्ट थिंक इट्स अलाउड.”

“रिकाम्या आहेत. कचरा आहे तो. विचारलंस का कुणाला?”

“नो.”

“मग कशाला आधीच घाबरतेस? दहा म्हणजे दहा. पँटच्या खिशात मावतात.”

ती सतरा वर्षांची होती. एरवी मी चहात साखर किती घालावी यावरही वाद घालणारी. यावर तिने वाद घातला नाही. कदाचित वीस हजाराचा आकडा तिनेही ऐकला होता.

अर्धा किलो श्रीखंडाचा डबा घेतला. झाकणाच्या आतल्या बाजूला रेघांचा कागद चिकटवला, वर लिहिलं ‘परत भरण्यासाठी’, खाली तारीख आणि नग. दहा, दहा, दहा. एका शनिवारी आठच आल्या, मी आठ लिहिलं. डबा स्वयंपाकघरात वरच्या कप्प्यात, साबुदाण्याच्या मागे. आठ महिने हे चाललं. पुंगळ्या बारीक असतात, करंगळीच्या नखापेक्षा थोड्या लांब, आणि डबा हलवला की नाण्यांसारख्या वाजतात. मला तो आवाज आवडायला लागला होता, हेही लिहून टाकते.

मार्चमध्ये मुलीला पुण्यातल्या निवड चाचणीला जायचं होतं. त्यासाठी मी यादी केली. तिकिटं, डॉक्टरचा दाखला, कॉलेजची रजा, फोटो, क्लबचं पत्र. पत्रात तिचे आठ महिन्यांचे गुण आणि वर्तणूक, सही-शिक्क्यानिशी. शेवटची तारीख वीस. यादीत सगळ्यांपुढे खुणा झाल्या, पत्र तेवढं राहिलं. मी विचारलं की मुलगी म्हणायची, “नेक्स्ट वीक, इन्शाल्ला.” तीन आठवडे तिने मला हेच सांगितलं. चौदा तारखेला जेवणाच्या सुट्टीत मीच क्लबला फोन लावला.

तिथले प्रमुख म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले पेशावरचे एक खानसाहेब. सगळ्या आयांना ‘बाजी’, म्हणजे ताई, म्हणतात. पत्राचं विचारल्यावर त्यांनीच उलट विचारलं.

“बाजी, बच्ची ने घर पे बताया नहीं?”

मग त्यांनी सांगितलं. क्लब जितक्या गोळ्या देतो तितक्या पुंगळ्या परत मोजून घेतो. दिलेल्या आणि परत आलेल्या, वहीत दोन रकाने. सुरुवातीला त्यांना वाटलं, पाच-दहा इकडेतिकडे उडत असतील. मग वार्षिक तपासणीत सगळं जुळवलं तेव्हा एकाच नावापुढे तूट निघाली. सहाशे अडतीस. मुलीला त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी बोलावून विचारलं होतं. ती काही बोलली नव्हती आणि तेव्हापासून तिचा सराव थांबवला होता; मला तिने परीक्षेचं कारण सांगितलं होतं. पत्र थांबवलंय, सोमवारी समिती बसेल, तिथून पुढे पोलिसांकडेही जाऊ शकतं.

फोन ठेवला तेव्हा माझ्यासमोर स्क्रीनवर माझंच काम उघडं होतं. दिलेला माल, परत आलेला माल, दोन रकाने.

घरी आल्यावर मुलीला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “यू वुड हॅव मेड अ लिस्ट.” आणि खोलीत निघून गेली.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. “डबा घे, समुद्रात रिकामा कर, खलास. त्या घरी कधी आल्याच नाहीत.”

“मग तिच्या नावापुढची तूट? परत नेऊन देऊ.”

“आणि गाडीत सहाशे पुंगळ्या घेऊन हायवेवर कुणी अडवलं तर? तिघांचे व्हिसा आपल्या दोघांच्या नोकरीवर आहेत, बाईसाहेब. कुठे आहोत ते विसरू नकोस.”

त्याचं चूक नव्हतं. पण समुद्रात टाकल्या असत्या तर मुलगी कायमची चोर ठरली असती. शनिवारी सकाळी आठला निघायचं ठरवलं. खानसाहेबांना फोन करून सांगितलं की आम्ही सगळ्या परत घेऊन येतोय. ते म्हणाले, सीधे आओ, कहीं रुकना मत.

निघण्याआधी मी डबा खाली काढला. झाकण उघडलं. आतला कागद बघितला. माझं अक्षर, माझ्या तारखा. मी नखाने कोपरा सोडवला आणि कागद अलगद काढून घेतला. स्वतःशी म्हटलं, त्यांना पुंगळ्या हव्या आहेत, कागद नकोय. फाडून टाकणार होते. पण केलेली यादी मी आजवर कधी फाडली नाही. चार घड्या घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. मुलगी दारात बूट घालत होती. तिने बघितलं की नाही, तेव्हा मला कळलं नाही.

पन्नास मिनिटं मी ताशी नव्वदच्या वर गेले नाही. मागून ट्रक हॉर्न मारत होते. डबा मुलीच्या पायाशी होता आणि प्रत्येक गतिरोधकावर वाजत होता. तिने शेवटी त्यावर पाय ठेवून तो दाबून धरला.

खानसाहेबांच्या टेबलावर त्यांनी हिरवं कापड अंथरलं होतं. डबा त्यावर ओतला. दहा-दहाचे ढीग करत ते मोजायला लागले आणि मोजता मोजता, मान वर न करता, मुलीला विचारलं, “बेटा, किसने बोला था ले जाने को?”

“नोबडी, अंकल. आय टुक देम.”

“क्यूँ?”

तिने घरंगळलेली एक पुंगळी उचलून कापडावर ठेवली.

“बेचने को?”

“नो.”

“देखो बेटा, रजिस्टर में हर तारीख़ पे तुम्हारा दस्तख़त है. किसी बड़े ने बोला हो तो बात अलग है. नहीं बोला तो मैं कमिटी को क्या बताऊँ?”

“नोबडी टोल्ड मी.”

ती माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या भिंतीवर कुठल्याशा जुन्या स्पर्धेचा फोटो होता, तो बघत होती. मी मधल्या खुर्चीवर, पर्स मांडीवर. मला एवढंच म्हणायचं होतं की मी सांगितलं. मराठीत दोन शब्द, हिंदीत तीन. मी खानसाहेबांच्या बोटांकडे बघत राहिले. साठ. सत्तर. डोक्यात भलभलत्या गोष्टी चालू होत्या. ऑफिसातलं माझं ओळखपत्र. घराच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक. सोमवारी समितीत कोण कोण बसतं. एकशे दहा. एकशे वीस. मुलीने एकदा पायाची जागा बदलली. दोनशे मोजून झाले तेव्हा मी पर्स उघडली.

कागद त्यांच्यासमोर ठेवला. “मैंने बोला था. ये मेरी लिखाई है. तारीख़ें मिला लीजिए.”

त्यांनी मोजणं थांबवलं. वही ओढली. एका हाताने माझा कागद, दुसऱ्या हाताने त्यांचा रकाना. सगळ्या तारखा जुळल्या. तो आठचा शनिवारसुद्धा.

“मगर क्यूँ, बाजी?”

मी सगळं सांगितलं. दिराचं गॅरेज, परत भरणं, हजारचा बेत, निम्मा भाव. ते ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. आलं काही वेगळंच. त्यांनी एक पुंगळी उचलली, उलटी केली आणि तिचा तळ माझ्यापुढे धरला.

“बाजी, ये दुबारा भरता ही नहीं.”

मला कळेना.

त्यांनी समजावून सांगितलं. मोठ्या गोळ्यांना तळाच्या मधोमध वेगळी टोपी असते, ती बदलता येते. बावीस बोरला तशी टोपी नसते. ठोका थेट तळाच्या कडेवर पडतो, कड चेपते आणि पुंगळी तिथेच संपते. ही एकदाच वापरायची. त्यांनी दाखवलेल्या प्रत्येक पुंगळीच्या कडेवर तो बारीक खड्डा होता. आठ महिने मी त्या हाताळल्या होत्या आणि तो खड्डा मी बघितलाही होता. मला वाटलं, सगळ्या अशाच असतात.

“आपने किसी से पूछा नहीं?”

नव्हतं विचारलं. दिरांना बोर सांगितला नव्हता, त्यांनी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी फोनवर ते म्हणाले, “बावीस? अहो वहिनी, मला वाटलं नाइन एमएम!”

सहाशे अडतीस पुऱ्या भरल्या. खानसाहेबांनी माझा कागद वहीला टाचणीने लावला आणि खाली माझी सही घेतली.

परतताना गाडीत काहीच वाजत नव्हतं. अर्ध्या वाटेवर मुलगी म्हणाली, “यू पील्ड इट ऑफ. बिफोर वी लेफ्ट.”

“हो.”

“अँड देन यू वेटेड.”

“हो.”

मी तिला सांगू शकले असते की शेवटी दिला ना कागद. ते वाक्य मी घरापर्यंत तोंडात धरून आणलं आणि नाही बोलले.

समितीने प्रकरण पुढे नेलं नाही. मुलीच्या नावापुढची तूट काढली, कारणाच्या जागी पालकांची चूक असं लिहिलं. मला क्लबच्या आवारात यायला कायमची बंदी. पत्र मिळालं ते दोन एप्रिलला. वीस मार्च कधीच होऊन गेला होता. पुण्याची तिकिटं रद्द केली, अर्धे पैसे कापले गेले. यादीत क्लबच्या पत्रापुढे मी खूण केली नाही. ती यादी अजून फ्रिजवर आहे. काढायचं धाडस होत नाही, आणि ठेवल्याने काय होतंय तेही मला माहीत नाही.

सराव पुन्हा चालू आहे. दर शनिवारी मी तिला सोडते आणि फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला गाडीत बसून राहते. एसी चालू ठेवला तर पेट्रोल जळतं, बंद ठेवला तर बसवत नाही. दीड तासाने ती बाहेर येते. पुढचं दार उघडते, आणि बसण्याआधी दोन्ही खिशांचं अस्तर बाहेर ओढून मला दाखवते. पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं ती थट्टा करतेय, मी हसले. ती हसली नाही.

मी आता बघते, मान हलवते. मग ती खिसे आत ढकलते आणि पट्टा लावते.