दैवशालामामीचे धागे

वडीगोद्रीची माझी दैवशालामामी चौथीपर्यंत शिकली. तिच्या घरी एक रीत आहे: मुलीच्या साखरपुड्याला घरीच केलेल्या खडीसाखरेचा पुडा द्यायचा. भावकीत कुणाचंही लग्न जमलं की पाक मामीच धरते. या वेळी साखरपुडा तिच्याच मीनाचा होता, रविवारी.

सोमवारी मामीने पाक केला आणि खडे धरायला पातेल्यात धागे सोडायला मला सांगितलं. मी एमएस्सीला फिजिक्स शिकतो. माझ्या प्रकल्पात कॉम्प्युटरवर चौकटींची जाळी असते. प्रत्येक चौकट द्रव किंवा घन, आणि शेजारच्या चौकटींकडे बघून ती पालटते. स्फटिक कसा तयार होतो हे मला पक्कं ठाऊक आहे, असा माझा समज होता. धागे खरखरीत लागले म्हणून मी ते गरम पाण्यात स्वच्छ धुऊन मग सोडले.

गुरुवारी झाकण काढलं तर पाक नुसता नितळ. धाग्यांवर एक कण नव्हता.

"धागे धुतले का रे, कल्याण?"

"खराब दिसत होते, मामी."

"साखर लावून वाळवल्ते मी ते."

मीना म्हणाली, "दादा, कॉलेजात हेच शिकून राह्यला का?"

मामी हसली नाही. "पावण्यांपुढं दुकानचा पुडा ठेवावा लागतो का काय आता," एवढंच बोलून तिने पाक पुन्हा गरम करायला ठेवला. मग नवे धागे ओले केले. मी घाईने पिठीसाखर पुढे केली.

"पिठी न्हाई. कोमट पाकात ती जल्दी विरून जाती. जाडा दाणा टिकतो, मंग बाकीची साखर त्याला येऊन बसती."

मी बघतच राहिलो. माझ्या जाळीतही घन चौकटींचा लहान पुंजका कडेकडेने झिजून नाहीसा होतो. ठरावीक आकाराच्या पुढे गेलेलाच वाढतो. तो आकार शोधायला मला चार महिने लागले. पिठीचं कारण अगदी तेच आहे असं मी म्हणणार नाही. पण मामी बोटांच्या चिमटीत दाणे चाचपून निवडत होती, आणि एकही चुकीचा उचलत नव्हती.

दाणे लावलेले धागे वाळल्यावर तिने ते पाकात सोडले आणि पातेलं कोपऱ्यात गेलं. तिथून कुणी धप्पकन चाललं तरी मामी डोळे वटारायची. हादरलं की खाली भुगा पडतो. शनिवारी तिने मला बोलावून एक धागा उजेडात धरला. सगळ्या खड्यांच्या कडा सरळ, कोन सारखे. कोणी कोरलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं.

दिवस कमी मिळाले, त्यामुळे खडे तुरीच्या दाण्याएवढेच झाले. रविवारी मीनाच्या होणाऱ्या सासूबाईंनी पुडा उघडून एक खडा तोंडात टाकला.

"बारीक आहे. घरचाच का?"

"घरचाच," मामी म्हणाली.

त्यांनी दुसरा उचलला.