उदाच्या धुरामागचे दार

डॉ. माधवराव साळुंके यांना मी प्रथम पाहिले ते शिवाजीनगरच्या आरोग्य केंद्रात. मी तिथे नवी डॉक्टर होते. ते एका म्हाताऱ्याला पडद्यामागे नेत होते.

"डॉक्टर, खोकला छातीत आहे," म्हातारा कुरकुरला.

"सरी, ठीक आहे, छाती पाहिली. आता स्वल्प, थोडे खालीही पाहू," ते या शहरातल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले.

सगळे त्यांना अण्णाच म्हणत. पुरुष लिंगावरचे दुखणे शेवटपर्यंत लपवतात, तेव्हा विचारायचे आपणच, असे ते आम्हाला शिकवत. गाठ, न भरणारी जखम, मागे न सरकणारी कातडी. रोज स्वच्छ धुण्याविषयी ते दात घासण्याइतक्या सहज बोलत.

त्याच सुमारास राजाजीनगरच्या आमच्या घरात काहीतरी बदलले. माझे वडील, अप्पा, एकटेच जेवू लागले. पहाटे न्हाणीघरात पाणी पडत राही. आत माणूस असल्याची दुसरी चाहूल नसे. त्यांच्या बंद खोलीत दिवसभर ऊद जळे. दाराखालून धूर येई, आणि धुराच्या तळाशी आणखी एक गोडसर वास. आई गेल्यापासून ते देवाकडे वळले, असे मी धरून चालले. तरी दाराशी उभे राहिले की वाटे, आत अप्पांबरोबर आणखी कुणीतरी राहते आहे आणि अप्पा त्याला आमच्यापासून जपताहेत.

संक्रांतीला अण्णा तिळगूळ घ्यायला आले आणि उंबऱ्यातच थबकले. धूर दोनदा हुंगला. मला म्हणाले, चहा टाक, पण सावकाश. मग त्यांनी ते दार वाजवले.

"अप्पासाहेब, मी साळुंके. ऊद विझवा. मला वासाची भीती नाही."

 मग कडी निघाली.

तो वास लिंगावरच्या न भरणाऱ्या जखमेचा होता. कर्करोगच होता, पण पसरलेला नव्हता. लहानशा शस्त्रक्रियेवर निभावले. इस्पितळात अण्णा रोज संध्याकाळी येत आणि आजार सोडून सगळ्यावर गप्पा मारत. आज अप्पा माझ्यासमोर बसून जेवतात, आमटीला नावे ठेवतात. अण्णांच्या पंचाहत्तरीच्या सत्काराला व्यासपीठावर ऊद लावायचा नाही, असे अप्पांनी संयोजकांना बजावले आहे. कारण सांगितलेले नाही.

निवृत्तीनंतरही अण्णा केंद्रात येऊन नव्या डॉक्टरांना शिकवतात. मी मात्र अजून एखाद्या घरात भरदुपारी ऊद दरवळला की उंबऱ्यातच थांबते. अण्णांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. या शहरात अजून पुष्कळ दारे आतून बंद आहेत.