अकरावी पाणबुडी

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे कॅप्टन म्हणायचे. आणि कॅप्टन कसले, तर बागेतल्या झोपाळ्यावर बसले तरी पोटात ढवळायचं. समुद्र आयुष्यात एकदा पाहिला, तोही लांबून, चपला हातात धरून. एकतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात लेथ चालवला आणि घरी येऊन पाणबुड्या बांधल्या. खऱ्या नव्हे हो, किटच्या. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी येतात, त्यांना शेकडो सुटे भाग चिकटलेले असतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. मी एकदा विचारलं, विमानं का नाही करत? तर म्हणाले, "विमानाला चाकं असतात, ती मोडतात." झालं, विषय संपला. नाकासमोर चालणारा माणूस, एवढंच बोलायचा.

लेक लग्न होऊन गेली आणि तिची खोली ह्यांनी बळकावली. खिडकीपाशी टेबल, वर दिवा, डोळ्याला भिंग. पाणबुडीच्या दोन बाजू जोडल्या की मधे रेघ दिसते. तिच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि ओल्या पॉलिशपेपरने ती रेघ नाहीशी होईपर्यंत घासायचं. खऱ्या पाणबुडीला पाणी आत घ्यायला बाजूने बारीक भोकं असतात म्हणे. किटमध्ये ती नुसती खुणेपुरती. हे ती एकेक भोक हाताने कोरून उघडायचे. एका बाजूला शंभराच्या वर. कोण बघणार आहे, म्हटलं की पुढचं भोक कोरायला घ्यायचे.

रंगाच्या दिवशी तर सोवळंच. ओल्या रंगावर धुळीचा कण बसला की महिन्याचं काम पाण्यात. म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, फरशीवर पाणी शिंपडायचं, दार लावून घ्यायचं आणि आत कॉम्प्रेसरवर फवारणी. तोंडाला मास्क होता, पण तो लावला की चष्म्यावर वाफ धरायची. म्हणून तो खिळ्याला टांगलेला. थिनरचा वास माझ्या स्वयंपाकात यायचा. मी दाराच्या फटीला बाहेरून ओलं फडकं दाबून ठेवायचे. वीस वर्षं ठेवलं मी ते फडकं.

निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने ह्यांनी माझा जीव नकोसा केला. पातेल्यावरचं झाकण उघडून बघ, कांदा असा नाही तसा चीर म्हणून सांग. लेथवरचा माणूस, त्याला सगळं मिलिमीटरमध्ये हवं. मी लेकीला फोनवर म्हटलं, तुझ्या वडिलांना काहीतरी दे गं, नाहीतर आम्हा दोघांपैकी एक जण जाईल. तिने किट पाठवलं. माझ्या दोन हातांएवढं लांब, आतल्या खोल्यांसकट. पाइप, इंजिन, चिमट्याने बसवायच्या बारक्या बारक्या खाटा. ही अकरावी. हे सकाळी आठला आत गेले आणि माझं स्वयंपाकघर मला परत मिळालं.

खोकला त्याच वर्षी लागला. आधी कोरडा, मग जिन्यावर दम, मग अंघोळ करून आले की पलंगावर दहा मिनिटं नुसते बसून. ओढून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढले, फुंकायला लावलं आणि म्हणाले, फुप्फुसं कडक व्हायला लागलीत. काम काय करत होता? लेथ, म्हटल्यावर त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "घरी काही धूळ, रंग, केमिकल?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले.

"नाही," हे म्हणाले.

आता हे नाहीत, म्हणून सांगते. मला कळत नव्हतं असं अजिबात नाही. मी अडाणी नाही. जो वास मला फटीतून सहन होत नव्हता, त्यात तो माणूस दिवसदिवस बसत होता, हे मला कळत होतं. पण सांगितलं असतं तर डॉक्टरांनी ते बंद केलं असतं आणि हे पुन्हा माझ्या डोक्यावर येऊन बसले असते. शिवाय खाटा लावून झाल्या होत्या, रंगच राहिला होता. मनात म्हटलं, एवढी एक होऊ दे. ह्यांनीही मनात तेच म्हटलं असणार. दोघांनी मूग गिळले आणि घरी आलो.

आठ महिने. औषधं चालू आणि रंगही चालू. दोन फवारे मारले की धाप, मग टेबलावर डोकं टेकून बसायचे, मग पुन्हा. दाराबाहेर मला ते ऐकू यायचं. मी भांडी घासायचे.

शेवटी लेक आली आणि तिने ते दार उघडलं. उंबऱ्यातच थांबली, तोंडावर ओढणी धरली. "आई, बाबा ह्यात बसतात? डॉक्टरांना माहितीये?" मी म्हटलं, विचार त्यांना. ती तडक आत गेली. रंगाचे डबे, थिनर, घासलेली पूड एका पिशवीत भरली आणि म्हणाली, उद्या हे घेऊन जायचं, मी बरोबर येते.

डॉक्टरांनी डबे एकेक करून टेबलावर मांडले, झाकणावरचं बारीक अक्षर वाचलं.

"मागे मी विचारलं होतं."

"हो," हे म्हणाले. "चुकलं."

"तेव्हाच थांबला असता तर निदान होतं तेवढं तरी राहिलं असतं. आता मी काय करू?" मग ते माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला होता. "आणि बाई, तुम्ही होतात ना शेजारी? तुम्ही का नाही सांगितलं?"

लेक माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात ह्यांनी हात वर केला. एका वाक्याला त्यांना तीन श्वास लागायचे, पण बोलले.

"तिला... माहीत नव्हतं. मी तिला... सांगायचो, पाण्याचे रंग आहेत... वास येतो नुसता."

डॉक्टरांचा चेहरा एकदम उतरला. माफ करा, म्हणाले, तुम्हाला उगाच बोललो. तुम्ही तरी काय करणार. लेकीने माझ्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि मी तो घेतला, पाणी प्यायले.