फ्रेमचा कापलेला पाइप

आज सांगलीत शेजारच्या गॅरेजमधून गॅस वेल्डिंगचा वास आला आणि वडिलांची, आबांची, जुनी मोटारसायकल आठवली. तिचं इंजिन फ्रेममधून काढायला आम्ही दोघं लागायचो आणि आबांची कंबर भरून यायची. म्हणून ते विट्याला गेले असताना मी फ्रेमचा खालचा पाइप कापून बोल्टनं जोडता येईल असा केला.

संध्याकाळी आबा त्या कापावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले.

"आबा, आता तुमी एकटं इंजिन काढाल. माझी गरज न्हाई," मी अभिमानानं म्हणालो.

"व्हय रं," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर इंजिन काढायला त्यांनी मला कधी हाक मारली नाही. आबा लष्करातून घरी आल्यापासून माझ्याशी मोकळं बोलायचे, ते फक्त इंजिन उतरवताना. हे मला ते गेल्यावर उमगलं.