काचेपलीकडचा वाळा

लेकीकडे अमेरिकेत गेले होते. तिथल्या एका संग्रहालयात काचेमागे लोखंडाचं छोटंसं कडं ठेवलं होतं. मी सहज म्हणून गेले, "अगं, वाळा बघ केवढा जाड! बाळाचा पाय दुखत नसेल का?"

लेक पाटी वाचत होती. हळूच म्हणाली, "आई, वाळा नाही तो. बेडी आहे. गुलामांच्या मुलांना घालायचे."

मला काही कळेचना. बेडी, आणि एवढीशी? एवढंसं पोर पळून पळून जाणार कुठे? आपल्याकडे सोनार बाळाच्या पायाला दोरा गुंडाळून माप घेतो, तसं त्या लोहाराने घेतलं असेल का? कड्याची आतली बाजू घासून गुळगुळीत केलेली दिसत होती. टोचू नये म्हणून? ती माया म्हणायची की आणखी काय, मला अजून ठरवता येत नाही.

घरी आलो तर नातू दुडुदुडु धावत आला. मीच पुण्याहून आणलेले चांदीचे वाळे त्याच्या पायात छुमछुम वाजत होते.

जावई कौतुकाने म्हणाले, "आई, वाळे आणलेत ते फार बरं झालं. हा कुठे पळाला तरी लगेच कळतं."