टपाची दुरुस्ती

"आता नाई हालत तो!" असं म्हणून बापूसाहेब मोटारीच्या टपावर पंजा आपटायचे, मिशीवरून बोट फिरवायचे आणि आमच्याकडे बघायचे. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे आणि कुंपणापलीकडे जमलेल्या रिकामटेकड्यांकडे. टप लेकाचा नेमका तीच वेळ साधायचा. डाव्या अंगाला कलायचा आणि धाडकन खाली यायचा. मग बापूसाहेब त्याच्याखालून बाहेर निघत म्हणायचे, "थोडं राह्यलं."

खरं नाव सांगत नाही. आमच्या उंद्रीत त्यांना सगळे बापूसाहेबच म्हणायचे. घराणं देशमुखाचं, पण मोठ्या देशमुखीतलं नव्हे; पोटापुरती काळी जमीन, कपाशी, ज्वारी आणि भाऊबंदांशी अबोला. माझं शिंप्याचं दुकान त्यांच्या घरासमोर. वयानं आम्ही बरोबरीचे, म्हणून ते मला अरेतुरे करायचे. मी मात्र त्यांना कधी अरेतुरे केलं नाही. तेव्हा तशीच रीत होती.

मोटार त्यांनी खामगावच्या एका कापूसवाल्याकडून जुनी घेतली. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा, आणि आमच्या रस्त्याला मोटार दिसली की ती साहेबाचीच असं लोक धरून चालायचे. बापूसाहेबांची मोटार उघडी होती. वरचं छप्पर कापडी, लाकडी कमानींवर ताणलेलं, टांग्याच्या टपासारखं मागं दुमडता येणारं. ही मोटार घ्यायला त्यांनी घरची दमणी, म्हणजे बायकांची छपराची गाडी, आणि तिची देखणी बैलजोडी विकली. गाव हळहळलं ते बैलांसाठी.

आता यात ग्यानबाची मेख कुठं होती ते सांगतो. देशमुखांच्या घरी गोषा कडक. बाया बाहेर निघायच्या त्या चारी बाजूंनी पडदे सोडलेल्या दमणीतून. दाराशी गडी "गोषा!" म्हणून ओरडायचा आणि वाटेवरचे आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहायचो. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्यामुळे दुकानात बसून इतकी वर्षं काढली, पण समोरच्या वहिनीसाहेबांचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं. दाराआडून बांगड्या वाजायच्या आणि आवाज यायचा, "शिंपीभाऊ, चहा ठेवला हाय." एवढीच ओळख.

दमणी गेली आणि मोटारीचा टप टिकेना. म्हणजे वहिनीसाहेब घरातच अडकल्या. त्यांचं माहेर देऊळघाटचं. तिथं त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. निरोपावर निरोप येत होते. बापूसाहेबांचं उत्तर ठरलेलं, "टप होऊ दे. मंग ऐटीत जाऊ."

"भाऊबंदायची दमणी मांगून घ्या ना, बापूसाहेब," मी म्हटलं एकदा.

"त्यायच्या दारात जाऊ मी? अन् घरी मोटार असून?" ते माझ्यावरच डाफरले. "तू पडदे शिव बे. अक्कल नोको शिवू."

माणूस वाईट नव्हता हो. बायकोवर जीव होता. पण एखादं काम हातात घेतलं की ते पुरं करूनच उठायचं, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही, असा हट्ट. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्या घरचं कुलूप कधी धड लागत नाही आणि कुलपाची हत्यारं मात्र सगळी असतात.

टपाचं मुख्य दुखणं डाव्या बाजूच्या सांध्यात होतं. कमानीचे दोन लोखंडी दांडे जिथं जुळायचे तिथली खीळ झिजली होती. त्यांनी तिथं जाड खिळा घातला, बाभळीची खुंटी घातली, एकदा तर बैलगाडीच्या चाकाची खीळ ठोकून बसवली. ती इतकी घट्ट बसली की काढायला घण आणावा लागला. शेवटी आमच्या लोहारानं मापाची खीळ घडवून दिली आणि टप उभा राहिला. बापूसाहेबांनी पंजा आपटला. टप हलला नाही. मी तर टाळीच वाजवली.

आता जायचं ना? छे! कापड विरलेलं होतं. मी तंबूच्या कापडाचा नवा टप शिवून दिला. तो चढवला आणि संध्याकाळचं ऊन पलीकडून पडलं. आत गडी बसला होता, त्याची सावली कापडावर स्पष्ट दिसली. झालं! बापूसाहेबांचा चेहरा उतरला.

"सावली दिसून राह्यली. चुलतभाऊ काय म्हनन?"

"चुलतभाऊ म्हनन ते म्हनन. तिकडं म्हातारी वाट पाहून राह्यली," मी म्हटलं. मला खरंच राग आला होता. दाराआडच्या बांगड्या वाजता वाजता थांबल्या, ते मी ऐकलं होतं.

पण त्यांनी तोडगा काढलाच. जवसाचं तेल कढवायचं, त्यात काजळी घोटायची आणि कापडाला चोपडायची. कापड काळंभोर होतं आणि नजरही आरपार जात नाही, असं त्यांनी कुठंसं ऐकलं होतं. वैशाखाचे दिवस. आम्ही अंगणात टप ताणून तेल लावलं. कोपरापर्यंत काळे झालो. गंमत अशी की काम खरंच छान झालं होतं. नुसतं वाळू द्यायचं होतं.

तेवढ्यात वावटळ उठली. काळ्या मातीची धूळ, पाचोळा, कपाशीचे धागे, सगळं अंगणात भणभणायला लागलं. ओल्या तेलावर धूळ बसेल म्हणून बापूसाहेब ओरडले, "मिटा! टप मिटा!" मी "ओला हाय, ओला हाय" म्हणत राहिलो. त्यांनी आणि गड्यानं टप मागं दुमडला आणि वरून गोणपाट टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टप उघडेना. घडीवर घडी चिकटून त्याचं एक गाठोडं झालं होतं. गरम पाणी ओतलं, घासलेट लावलं, मी कापडाच्या घडीत कात्रीचं पातं घालून पाहिलं. काही नाही. आणि आम्ही असे झटत असतानाच देऊळघाटचा माणूस सायकलवर आला. घामानं निथळत होता. दारापाशी थांबून तो आतल्या बाजूला तोंड करून बोलला, "आक्का, म्हातारी आजचा दिस काढते का नाई, सांगता येत नाई. तुमचंच नाव घेऊन राह्यली."

बापूसाहेबांनी दोन्ही हातांनी टपाची कमान धरली आणि ओढली. असा जोर लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कापड हललं नाही. ते तिथंच मोटारीच्या पायरीवर बसले आणि काळ्या हातांनी त्यांनी तोंड झाकलं. "माह्यानं नाई झालं," ते म्हणाले. कुंपणापलीकडचं कुणी हसलं नाही.

दाराची कडी वाजली. "गोषा" असं कुणी ओरडलं नाही. गडी टपाशी झटत होता, त्याला भानच नव्हतं. पण बांगड्यांचा आवाज दाराआडून दाराबाहेर आला हे माझ्या कानाला कळलं आणि मी जागच्या जागी भिंतीकडे फिरलो. आजूबाजूला पावलांची सळसळ झाली. सगळेच फिरले असावेत.

"चला," वहिनीसाहेब म्हणाल्या.

"अवो, टप..." बापूसाहेब म्हणाले.

"टप पाहाले जायाचं हाय काय मले? मायले पाहाले जायाचं हाय."

एवढंच. मोटारीचं दार लागलं. इंजिनानं दोनदा आचके दिले आणि मग ते सुरू झालं. मी तोंड भिंतीकडे करून उभा होतो, हातात कात्री तशीच. मोटार माझ्या पाठीमागून गेली, गल्लीतून गेली, बाजारातून गेली. नंतर लोकांनी सांगितलं, मोटार जसजशी पुढं जात होती तसतशी माणसं आपोआप पाठमोरी होत होती. भाजीवाल्या माळ्यानं तर तराजू हातात धरूनच पाठ फिरवली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनीसाहेबांच्या डोक्यावर टप नव्हता, मग गावानं आपल्या पाठी दिल्या.

बापूसाहेब काही दिवसांनी परतले ते केस काढून. जावई असूनही त्यांनी सासूसाठी डोकं भादरलं होतं. माझ्या दुकानात येऊन बसले.

"भेट झाली?" मीच विचारलं.

"झाली. पोचलो तं जीव होता. डोळ्यानं दिसत नव्हतं म्हातारीले. हिच्या डोक्यावरून हात फिरवला तिनं. केसात ही धूळ, ही माती. तं म्हनते कशी, उघडीच आली काय वं माही बाई?" ते माझ्याकडे वळले. "अन् हासली बे म्हातारी. खुशीत हासली. माहा टप बसला असता तं हे तिले समजलंच नसतं."

आणि ते माझ्या शिवणयंत्रावर डोकं टेकून रडले. मी दुकानाची फळी ओढून घेतली.

भाऊबंद गप्प बसणारे नव्हते. चुलतभावानं अबोला मोडला तो शिव्या घालायलाच. देशमुखाची सून उघड्या मोटारीतून भर बाजारातून गेली! बापूसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टप बिघडला होता. दुरुस्ती चालू हाय."

मी चिकटलेलं कापड फाडून काढलं आणि पुन्हा नवं शिवलं. या वेळी जाड, दुहेरी. ते चढवलं, लोहाराची खीळ बसवली, पंजा मारला. टप दगडासारखा उभा. सावली नाही, कलणं नाही, काही नाही. बापूसाहेब त्याच्याभोवती फिरले. मग वाकले, सांध्यातली खीळ काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. टप धाडकन खाली आला.

"तुह्यापाशी ठेव," ते म्हणाले. "माह्यापाशी राह्यली तं मीच बसवीन कधीतरी. हात ऐकत नाईत माहे."

मी खीळ दोऱ्यांच्या डब्यात टाकली.

त्यानंतर वहिनीसाहेब त्या मोटारीतून सगळीकडे गेल्या. वावरात गेल्या, चिखलीला गेल्या, माहेरी तर कितीदा तरी गेल्या. कुणी काही म्हटलं की बापूसाहेब हात झटकायचे, "काय करता, टप बिघडेल हाय. दुरुस्ती चालू हाय." आणि दुरुस्ती दिसावी म्हणून अधूनमधून अंगणात मोटारीपाशी बसून लोखंडावर हातोडी वाजवायचे. मलाही बोलावणं यायचं. आम्ही टपाच्या आडोशाला बसून चहा प्यायचो, आणि चहा पिता पिता ते हातोडीचा एखादा ठोका टाकायचे. "मजबूत काम चालू हाय," ते मला डोळा मारून म्हणायचे. इतकी वर्षं हे सोंग चाललं आणि मला वाटायचं, हे फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.

गावाची रीत मात्र सुटली नाही. मोटार निघाली की आम्ही पाठी फिरवायचोच.

बापूसाहेब गेले ते ऐन कपाशी वेचणीत, छातीत कळ येऊन, बसल्या जागी. तेरवीला अंगण माणसांनी भरलं होतं. मोटार कोपऱ्यात गोणपाटाखाली. जेवणं झाली, पानसुपारी झाली आणि चुलतभावानं विषय काढला. "आता त्या टपाचं पाहा कुनीतरी. नवरा व्हता तंवर ठीक. आता बाईमानसानं उघडं हिंडनं बरं दिसत नाई. मी अकोल्याहून मिस्त्री बलावतो. एका दिवसात बसवन."

माझा हात उगीचच खिशाकडे गेला. खीळ दुकानात, दोऱ्यांच्या डब्यात होती.

तेवढ्यात बांगड्या नसलेली पावलं ओट्यावर आली. आवाज नव्हता म्हणून आम्हाला उशिरा कळलं. मग नेहमीसारखं सगळं अंगण भिंतीकडे वळलं. मीही वळलो. चुलतभाऊही.

"तोंडं इकडं करा," वहिनीसाहेब म्हणाल्या.

कुणी हललं नाही.

"त्यायच्या तेरवीले आले ना तुमी? मंग भिंतीले काय पाहून राह्यले? इकडं पाहा."

आम्ही वळलो. उन्हानं रापलेला, सुरकुतलेला, सावळा चेहरा. इतकी वर्षं उघड्या मोटारीत बसलेल्या बाईचा. डोळे रडून सुजलेले, पण नजर सरळ. ती नजर सगळ्या माणसांवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली.

"टपाची दुरुस्ती चालू हाय," त्या चुलतभावाला म्हणाल्या, पण पाहत माझ्याकडेच होत्या. "शिंपीभाऊ करून राह्यले. हाव ना, शिंपीभाऊ?"

डोळ्यांपुढचं अंगण पुसट झालं होतं. मी म्हटलं, "हाव, वहिनीसाहेब. थोडं राह्यलं."