बाईंचा बेडूक

शाळा लहान, त्यामुळं विज्ञान आणि संगणक दोन्ही बाईंच्याच गळ्यात पडलेले. त्या सांगायच्या, "आपलं केलेलं जगाला खुशाल वापरू द्या. पण दुसऱ्याचं चित्र उतरवलंत, तर खाली त्याचं नाव लिहायचं." नाव नसलं की वही परत.

बाईंना चित्रांचं भारी वेड. हृदय, बेडूक, कानाचा आतला पडदा, सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढलेलं. नवरा म्हणायचा, "तुझा बेडूक उचल, मला ताट ठेवायचंय." पुढं तो गेला नि सगळं टेबल बेडकांना मोकळं झालं.

एकदा ही चित्रं बाईंनी वर्गासमोर, मोठ्या पडद्यावर, नेटवर चढवली. ती इतरांनी कशी वापरायची, याचा परवाना निवडायचा होता. पोरांना फरक कळावा म्हणून त्यांनी आधी 'सगळे हक्क सोडले, नावही नको' हे दाबून दाखवलं. मग ते बदलून 'वापरा, पण नाव द्या' करायचं होतं. तेवढ्यात घंटा झाली, पोरं उधळली, आणि राहिलं ते राहूनच गेलं.

पहिल्या बाकावर एक पोरगी बसायची. दिसेल ते टिपून ठेवायची म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. मोठी होऊन तिनं शिकवणीचं अ‍ॅप काढलं. यंदा शाळेनं तेच घेतलं. बाईंनी उघडलं, तर बेडूक घरचाच, आणि खाली खारूताईच्या कंपनीचा शिक्का.

बाईंनी फोन लावला. "अगं, तो माझा बेडूक आहे."

"माहितीये ना बाई. किती जिवंत काढलाय."

"मग खाली माझं नाव टाक. एवढंच मागतेय."

"तुम्हीच नाव नको म्हणून दाबलंत. मी समोरच होते की."

"चुकून राहिलं गं. आज बदलते."

"आता बदलून काय होणार? एकदा सोडलेला हक्क परत घेता येत नाही. परीक्षेत तुम्हीच विचारलं होतंत. मला पैकीच्या पैकी पडले होते."

उत्तर बरोबर होतं, आणि तपासलंही त्यांनीच होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात पडद्यावर अ‍ॅपमधला बेडूक आला. पोरांनी तो वहीत उतरवला आणि खाली, बाईंच्या शिस्तीप्रमाणं, नीट अक्षरात कंपनीचं नाव लिहिलं. एकही पोर विसरलं नाही. बाईंनी वह्या घेतल्या आणि सगळ्यांना बरोबरची खूण दिली.